साहेब हळू म्हणायचा तो शब्द

शाळेत मी इंग्रजीच्या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोचलो होतो. त्या तिन्ही पुस्तकांत गाय होती, बागेतला गुलाब होता, आणि कायम खरं बोलणारा एक मुलगा होता, ज्याच्यावर सगळे खूष असत. लबाडी करणारं कोणी त्यांत नव्हतंच. त्यामुळे अमरावतीच्या कापूसबाजारात दुभाषी म्हणून उभा राहिलो तेव्हा माझ्याजवळ गुलाबाला शब्द होता, पाणी मारलेल्या कापसाला नव्हता.

वडील गेले आणि शाळा सुटली. आमचं घर कोकणात, खाडीच्या काठी. अमेरिकेत लढाई पेटल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचे दिवस आले, हे मला मागाहून समजलं. तेव्हा गावात एवढंच कानावर आलं होतं की वऱ्हाडात जो तो कापसामागे लागलाय आणि इंग्रजीची चार वाक्यं येणाऱ्यालाही तिथे काम मिळतं. आईने अंगारा लावला, बरोबर तांदळाची एक पुरचुंडी बांधून दिली, आणि मी निघालो. ती पुरचुंडी वाटेतच संपली. पुढे कितीतरी महिने भात दिसला नाही. तिकडे रोजचं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी.

अमरावतीत पहिल्यांदा माझ्याशी बोलला तो एक अडत्या. शेतकऱ्याचा माल बाजारात विकून देणारा मध्यस्थ, तो अडत्या. पोट सुटलेलं, कानात भिकबाळी, तोंडात सुपारी. त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "काहून आला?"

मला वाटलं, हाकलतोय. मी पिशवी उचलून माघारी वळलो. त्याने मागून हाक मारली, "अबे, जाऊन कुठी राहिला? इचारलं ना मी, काहून आला म्हनून. सांग ना बावा."

आमच्याकडे पाहुण्याला 'कसं काय येणं केलंत' म्हणतात, तेच हा इतक्या कमी शब्दांत म्हणत होता, हे कळायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात त्याने मला आपल्या दुकानाच्या माळ्यावर झोपायला जागा दिली, आणि एका साहेबापुढे नेऊन उभं केलं. हा साहेब विलायतेच्या एका व्यापाऱ्यासाठी कापूस खरेदी करायचा. आधीचा दुभाषी त्याने नुकताच काढून टाकला होता, कारण तो दोन्हीकडच्या बोलण्यात स्वतःची साखर घालायचा. अडत्याने माझ्या पाठीवर थाप मारली आणि साहेबाला सांगितलं, "सायब, याले लय इंग्रजी येते. मास्तरच हाय हा." तेव्हापासून सगळा बाजार मला मास्तर म्हणू लागला. शाळा अर्धी टाकून आलेल्या मला ते नाव कानाला टोचायचं. वाटायचं, आज ना उद्या साहेब एखादा शब्द विचारील, मला तो येणार नाही, आणि मी पुन्हा खाडीच्या काठी.

साहेबाचे शब्द मला पुस्तकात भेटले नव्हते. ते मी त्याच्या हातातल्या सळईमागे फिरत फिरत शिकलो.

त्या काळी शेतकरी घरीच सरकी काढून कापूस गोणपाटात भरत, पायांनी तुडवून घट्ट करत, आणि शिवून गाडीवर घालून आणत. अशा भरलेल्या गोणपाटाला बोजा म्हणायचे. साहेबाजवळ हातभर लांब लोखंडी सळई असे. प्रत्येक बोज्यात दोन-तीन ठिकाणी ती खुपसायची, बाहेर काढायची, टोकाला आलेला कापूस बोटांत चोळायचा, आणि एक शब्द उच्चारायचा.

कापूस ओला निघाला की 'चीट'. शहराच्या अलीकडे नाला होता. त्या नाल्यावर बैलांना पाणी पाजताना गाडीवरच्या मालालाही थोडं पाजायचं, ही निम्म्या बाजाराची सवय. साहेब हा शब्द मोठ्याने, जवळजवळ हसत म्हणायचा. तोलात घट धरायची आणि पुढे जायचं.

वर पांढराशुभ्र आणि आत पिवळा निघाला की 'शॅम'. हा शब्द मला फार आवडला, कारण तो मालालाही चालायचा आणि माणसालाही. एकदा एक गृहस्थ रेशमी पागोटं घालून, मोठा जमीनदार असल्याच्या थाटात आला. साहेबाने त्याच्याकडे पाहून माझ्या कानात तोच शब्द टाकला.

नुसत्या तोंडाने फसवणारा तो 'हंबग'. आमचा अडत्या कुठल्याही कापसाचं असं वर्णन करायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, देवाने तो स्वतः पिंजलाय. साहेब त्याला हंबगही म्हणे आणि 'ओल्ड रास्कल'ही. अडत्याने मला गाठलं.

"मास्तर, सायब मले काय म्हन्ते रे?"

मी अडखळलो. खोटं सांगायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायचीही नव्हती. शेवटी म्हणालो, "म्हातारा लुच्चा म्हणतात."

तो इतका खूष झाला की सुपारीचं अख्खं खांड माझ्या हातावर ठेवलं. "म्हातारा काहून म्हन्ते पन? माहे केस तं पाह्य किती काळे हायेत."

रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायची आमच्या बाजाराची रीत होती. दोघे जण एका रुमालाखाली हात घालून उभे राहत, तोंडाने हवापाण्याच्या गप्पा मारत, आणि आत बोटांनी सौदा होई. साहेबाला पहिल्या दिवशी तो 'स्विंडल' वाटला, म्हणजे चार जणांनी मिळून केलेली फसवणूक. मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत समजावलं की शेजारच्याला भाव कळू नये, एवढ्यासाठीच हा पडदा. साहेबाने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः रुमालाखाली हात घातला. अडत्याने बोटं दाबली तसा तो गुदगुल्या झाल्यासारखा हसला.

पण एक शब्द तो कधी मोठ्याने म्हणाला नाही. 'फ्रॉड'. बोज्यात मुद्दाम दगड, वाळू किंवा सरकी दडवलेली निघाली की तो सळई खाली ठेवायचा, हात पुसायचा, आणि तो शब्द इतका हळू म्हणायचा की मलाच ऐकू यावा. मग त्या शेतकऱ्याच्या सगळ्या बोज्यांवर काजळीचा काळा ठप्पा मारला जाई. ठप्प्याच्या मालाला त्या बाजारातला कोणीच व्यापारी हात लावत नसे. ठप्पा एका हंगामाचा असला तरी नाव कायमचं जायचं. 'त्या काळ्या ठप्प्याच्या घरचा' असं म्हणत म्हणत लोक त्या घराशी सोयरीक करायलाही बिचकायचे.

मी एकदा धीर करून साहेबाला विचारलं, तुमच्या भाषेत या एकाच गोष्टीला इतके शब्द कसे? तो म्हणाला, त्याच्या बापाचं किराणा मालाचं दुकान होतं. साखरेत वाळू, चहात कसलीतरी पानं, पिठात खडू. हे सगळे शब्द त्याने तिथे शिकले, दुकानाच्या फळीखाली बसून. "हे शब्द तुमच्यासाठी घडवलेले नाहीत," तो म्हणाला. "आम्ही ते घरूनच आणलेत." हे सांगायची त्याला काही गरज नव्हती. मी ते विसरलेलो नाही.

आता वलगावच्या बाईंविषयी. वलगाव अमरावतीजवळच, शेतीचं मोठं गाव. तिथलं एक कुणब्याचं घर आमच्या अडत्याकडे वर्षानुवर्षं माल आणत होतं. त्यांचा बोजा उघडून पाहायची कोणाला गरज वाटत नसे, इतकं ते घर चोख. त्या वर्षी घरधनी पाठ धरून अंथरुणाला खिळला, म्हणून बाई स्वतः गाडीवर बसून आल्या. पन्नाशीच्या असतील. लुगड्याचा काष्टा घट्ट, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. उतरल्या उतरल्या अडत्याला म्हणाल्या, "भाऊ, भाव चढून राहिला म्हन्तेत ना? म्हून घाईनं भरून आनलं. तुह्या सायबाले म्हनाव, लवकर पाह्य."

साहेबाने सळई खुपसली. पहिला बोजा चांगला. दुसराही चांगला. तिसऱ्यात सळई अर्ध्यावर गेली आणि आतून आवाज आला. खट्.

बाजारात कितीही गोंगाट असला तरी तो आवाज सगळ्यांना ऐकू येतो. गाडीवाले जवळ आले. साहेबाने शिवण उसवायला सांगितलं. आतून लिंबाएवढा एक गोटा निघाला. मग शेजारच्या थरातून दुसरा. मग आणखी दोन. साहेबाने सळई खाली ठेवली आणि हात पुसले.

त्याने तो शब्द हळूच म्हटला, आणि मग मला म्हणाला, "तिला विचार, हा कोणाचा फ्रॉड? तिचा, तिच्या नवऱ्याचा, की गाडीवानाचा?"

खरं सांगायचं तर माझाही संशय त्यांच्यावरच होता. गोटे समोर पडलेले होते. मी नवखा, कोकणातला. मला दुसरं काय दिसणार होतं? मला भीती एवढीच की आता हा शब्द त्या बाईंना कसा सांगू. लबाडी म्हणू की फसवणूक? आधीचा दुभाषी साखर घातल्यामुळे गेला होता, म्हणून मी सर्वांत जड शब्द निवडला. म्हणालो, "साहेब विचारतात, ही बेइमानी कोणाची?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या गोट्यांकडे पाहत होत्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता जसा हरवलेलं लेकरू जत्रेत सापडल्यावर आईचा फुलतो. झटकन वाकून त्यांनी चारही गोटे पदरात घेतले, कपाळाला लावले, आणि म्हणाल्या, "सापडले वो माय. मी कवाची धुंडून राहिली होती. सारं घर उलटंपालटं केलं."

मी गोंधळलो. "काय सापडलं?"

"माही सीतादही. दुसरं काय?"

अडत्याच्या तोंडातली सुपारी थांबली. मग त्यानेच मला घाईघाईने समजावलं. तिकडे कापसाची पहिली वेचणी करायच्या दिवशी बाया शेताच्या कोपऱ्यात पाच गोटे मांडतात, त्यांना शेंदूर लावतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. ती सीतादही. या घराची रीत अशी होती की मग ते गोटे पहिल्या वेचणीच्या कापसात गुंडाळून, टोपलीत घालून घरी देवाजवळ ठेवायचे, आणि सगळा कापूस विकून झाला की पुन्हा शेतात नेऊन पोचवायचे.

"मंग ते बोज्यात कसे आले?" त्याने बाईंना विचारलं.

"काय सांगू भाऊ. भाव चढला म्हून गाडीची घाई. पोट्टे पायानं तुडवून राहिले होते, अन् लहानी सून टोपल्यावर टोपली ओतून राहिली होती. तिनं देवाजवळचीबी टोपली ओतली. रातच्याले दिवा लावाले गेली तं टोपली रिकामी. तवापासून मले घास गोड लागला नाई." एवढं सांगून त्यांनी पदरातले गोटे मोजले आणि त्यांचा चेहरा उतरला. "चारच हायेत. एक कुठी गेला?"

साहेब माझ्याकडे बघत होता. सीतादहीला इंग्रजीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. देवता, नैवेद्य, वेचणी, सून, यांतलं एकही वाक्य जोडता येईना. मनात आलं की काहीतरी गोलमाल सांगून मोकळं व्हावं. शेवटी मला दिसलं तेवढंच, पहिल्या पुस्तकातल्या शब्दांत सांगितलं. "सर, आय डोन्ट नो द वर्ड. शी लॉस्ट देम. शी इज हॅपी."

साहेबाने बाईंकडे पाहिलं. मग मला सावकाश विचारलं, "हॅपी?"

"येस सर. बट वन इज नॉट हिअर. नाऊ शी इज नॉट हॅपी."

तेवढ्यात बाईच पुढे झाल्या आणि साहेबाला थेट म्हणाल्या, जणू तो वलगावचाच, "सायब, बाकीचे बोजेबी फोडा. माहा एक गोटा अंदर हाय. तो भेटल्याबिगर मी नाई जात."

हे मी सांगितलं तेव्हा साहेबाने पहिल्यांदा टोपी काढून डोकं खाजवलं. इतक्या वर्षांत त्याला बोजा फोडू नका म्हणून हातापाया पडणारे भेटले होते. फोडा म्हणून आग्रह धरणारं कोणी भेटलं नव्हतं. पण तो कच्चा माणूस नव्हता. त्याने एक गोटा मागून घेतला, नखाने शेंदूर खरवडला, वास घेतला. "शेंदूर कोणीही लावेल," तो म्हणाला. "आज लिंबाएवढे खपले तर उद्या नारळाएवढे येतील."

मग त्याने निकाल दिला. सगळा माल तिथे फोडायला जागा नव्हती. आगगाडी त्या हंगामात अकोल्यापर्यंत आली होती, आणि आमचा माल गाड्यांनी अकोल्याला जाई. तिथे कापूस यंत्रात दाबून त्याच्या गाठी बांधत आणि त्या आगगाडीत चढवत. वलगावचे बोजे वेगळे ठेवायचे, अकोल्यात यंत्रापुढे शेवटच्या मुठीपर्यंत मोकळे करायचे. तिचा पाचवा गोटा सोडून दुसरा एकही खडा निघाला तर सगळ्यावर काळा ठप्पा.

मी बाईंना हे सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ठप्पा मारतीन तं मारतीन. पन माहा गोटा वापस आनजो, बापा. शेताची चीज हाय ते." मग गाडीकडे जाता जाता थांबल्या. आता आवाज खाली आला होता. "अन् ठप्पा नाई लागला पायजे रे. धाकली पोरगी लग्नाची हाय."

अकोल्याच्या वाटेवर मी त्या बोज्यांच्या गाडीवरच बसून होतो. गाड्यांची रांग पार नजरेपलीकडे, चाकांची धूळ, पुढच्या गाडीवाल्याचं गाणं. मला कशातच गोडी वाटेना. सारखं मनात येई, सून टोपल्यांवर टोपल्या ओतत होती. अंगणातला एखादा साधा खडा टोपलीबरोबर आत गेला असेल तर? मुलं पायांनी तुडवत होती. कोणाच्या टाचेला चिकटलेली गारगोटी आत राहिली असेल तर? हे सगळं मी साहेबाला कुठल्या इंग्रजीत सांगणार होतो? अडत्या बरोबर आला होता. त्याने माझा चेहरा पाहून भाकरीचा तुकडा पुढे केला. "खा मास्तर. तूच उपाशी मेला तं सायबाशी बोलन कोन? मी बोलू काय? मले तं एकच शब्द येते. ओल रासकल."

अकोल्यात यंत्राच्या आवारात ताडपत्री अंथरली आणि पहिला बोजा मोकळा केला. साहेब मांडी घालून खालीच बसला. मी समोर. कापूस मूठ मूठ करून सोडवायचा, झटकायचा, बाजूला टाकायचा. पहिला निर्मळ. दुसरा निर्मळ. ऊन चढलं. साहेबाची मान लाल झाली, पण त्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि काम चालू ठेवलं.

चौथा बोजा निम्मा झाला तेव्हा माझ्याच हाताला कठीण लागलं. लिंबाएवढा गोटा. बाकीच्यांसारखाच गोल. पण कोरा. शेंदराचा ठिपकाही नाही.

मी तो मुठीत धरून बसलो. साहेबाने हात पुढे केला. देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्याने गोटा उलटसुलट करून पाहिला, आणि मग माझ्याकडे. तो आता सळई ठेवतो तसा गोटा खाली ठेवणार, हात पुसणार, आणि तो शब्द हळूच म्हणणार, याची मी वाट पाहत होतो. त्याने गोटा खाली ठेवलाही. पण हात पुसले नाहीत. ज्या जागेतून माझा हात बाहेर आला होता तिथेच त्याने बोटं घातली आणि आजूबाजूचा कापूस अलगद, पापुद्रा पापुद्रा करून उचलला.

तो कापूस लाल होता. तुडवून तुडवून गोट्याचा शेंदूर कापसानेच पिऊन घेतला होता. त्या लाल कापसात भाताची दोन-तीन वाळकी शितं चिकटलेली होती.

साहेबाने अंगठ्याला थुंकी लावून गोटा चोळला. एका बारीक फटीत शेंदूर उरला होता, तो ओला होऊन वर आला. अडत्याने माझ्या मागे जोरात श्वास सोडला.

मला वाटलं, झालं, आता उठू या. पण साहेब उठेना. त्याने पुढचा बोजा ओढला. मला त्याचा राग आला. पाचवा गोटा सापडला, शेंदूर सापडला, आता कशाला? संध्याकाळपर्यंत त्याने सगळे बोजे शेवटच्या मुठीपर्यंत झटकून पाहिले. सरकीशिवाय काही निघालं नाही, आणि सरकीही पोरीबाळींच्या हातून राहावी तेवढीच. तेव्हा कुठे तो उठला, पाठ सरळ केली आणि म्हणाला, "क्लीन."

तो राग आठवला की आता माझंच चुकलं होतं याचं बरं वाटतं. तो अर्ध्यावर उठला असता तर लोक म्हणाले असते, साहेबाने बाईवर दया केली. तो शेवटपर्यंत बसला म्हणून त्या घरावर कोणाच्या दयेचा भार राहिला नाही. माल नेहमीच्या भावाने गाठीत गेला.

मग त्याने गोटा लाल कापसासकट माझ्या हातात दिला. "हा तिला नेऊन दे. अमरावतीला परत जाताना वाकडी वाट कर." आणि जरा थांबून म्हणाला, "तुला इंग्रजी फार येत नाही, हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. येत नाही तिथे येत नाही म्हणतोस, म्हणून ठेवलं." मास्तर नसून मास्तर म्हणवून घेताना इतके महिने मी ज्या 'फ्रॉड'ला घाबरत होतो तो शब्द त्याने माझ्यासाठी कधीच वापरला नव्हता. मी गोटा धोतराच्या सोग्यात बांधला.

वलगावात पोचलो तेव्हा बाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. मी सोगा सोडला. त्यांनी सूप खाली ठेवलं, गोटा कपाळाला लावला, आणि पहिलं वाक्य हे, "अकोल्यावरून एवढा गोटा घिऊन आला? बह्याड हायस काय रे?" बह्याड म्हणजे खुळा, पण पदराने डोळे पुसता पुसताच त्या हे म्हणाल्या. आत अंथरुणावरून घरधन्याचा आवाज आला, "कोन हाय वो?" त्या ओरडल्या, "तो कोकनातला हाय. ठप्पा नाई लागला म्हन्ते." मग तो म्हातारा एवढंच म्हणाला, "त्याले जेवू घाल."

दुसऱ्या दिवशी सगळं घर शेतात गेलं आणि मलाही घेऊन गेलं. पराट्या, म्हणजे कापसाची झाडं, उभ्या होत्या, बोंडं संपलेली. कोपऱ्यात पाचही गोटे पुन्हा मांडले. धाकट्या सुनेने शेंदूर लावला. सासूने तिला जरा टोमणा मारला, "आता पाह्य, टोपली ओतू नको हे बी," आणि सगळ्या बाया हसल्या, सूनसुद्धा. मग दहीभाताचा नैवेद्य झाला, आणि उरलेला भात त्यांनी पळसाच्या पानावर माझ्यापुढे वाढला.

भात त्यांच्याकडे सणासुदीलाच. माझ्याकडे तो रोजचा, पण रोज ज्या घरी होता ते घर फार लांब होतं. पहिला घास घेतला आणि मला पुढचा घेता येईना. बाईंनी पाहिलं, पण विचारलं नाही. दुसरंच काहीतरी विचारलं.

"तुह्या सायबाच्या बोलीत बेइमानीले काय म्हन्तेत रे?"

मी सांगू लागलो. चीट. शॅम. हंबग. स्विंडल. रास्कल. शेवटचा शब्द मीही हळूच म्हटला.

"एवढे?" त्या म्हणाल्या. "अन् इमानाले?"

मला तिसऱ्या पुस्तकातला तो मुलगा आठवला, कायम खरं बोलणारा. "ऑनेस्ट," मी म्हणालो.

"एकच?"

"मले एकच येते."

त्यांनी पातेल्यातला राहिलेला भात माझ्या पानावर पालथा केला. "बस्स होते एक," त्या म्हणाल्या. "खा आता."